कुणी विचारलंच नाही : पूर, पेठ आणि हवामान बदल

(कोल्हापुरात शिवाजी पेठेत झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आज इथं येताना गांधी मैदानावरून आलो. तुम्ही सगळे रोजच तिथून जाता. मोठा पाऊस झाला की मैदानाचं तळं होतं, मग पेपरात फोटो येतो, ‘मैदान की तलाव?’ अशी ओळ असते, आणि आपण महापालिकेला चार शब्द सुनावतो. पण जुन्या जाणत्यांना विचारा. ते सांगतील, बाबा, ते तळंच होतं. वरुणतीर्थ. तिथल्या वेशीला आजही वरुणतीर्थ वेस म्हणतात. कपिलतीर्थावर आज मंडई आहे, तेही नावानंच सांगतंय की इथं पाणी होतं. आपण तळी बुजवली, नावं मात्र ठेवली. पाणी आपलं जुनं घर विसरलेलं नाही, एवढाच याचा अर्थ.

आजचा विषय हवामान बदल. पण मला शास्त्र थोडंच सांगायचंय. जास्त बोलायचंय ते असं, की ज्यांच्या दारात पाणी येतं त्यांचा आवाज हवामानाच्या चर्चेत का नसतो, आणि तो आणायचा कसा.

शब्द आपला नाही, आकडा आपला आहे

आधी माझीच एक चूक सांगतो. २०१९ च्या पुरानंतर काही महिन्यांनी एका पूरग्रस्त वस्तीत मी बोलायला गेलो. लॅपटॉप, पडदा, आलेख, सगळं घेऊन. ‘कार्बन उत्सर्जन’, ‘जागतिक तापमानवाढ’, ‘अनुकूलन’ असं चाळीस मिनिटं बोललो. लोक भले, गप ऐकून घेतलं. शेवटी एक मावशी म्हणाल्या, “सर, ते सगळं खरं असेल. पण औंदा पाणी कुठवर येणार, तेवढं सांगा की.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि तेव्हा लक्षात आलं, की त्या मावशींना पाण्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. कुठल्या पायरीला पाणी लागलं की गॅसची टाकी वर चढवायची, कुठल्या पायरीला लागलं की म्हशी सोडायच्या, हे त्यांना पाठ होतं.

जरा विचार करा. जुलै उजाडला की कोल्हापुरात कुणालाही विचारा, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? रिक्षावाला सांगेल, भाजीवाली सांगेल. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. हे शाळेत कुणी शिकवलेलं नाही. जामदार क्लबपर्यंत पाणी आलं की काय समजायचं, सुतारवाड्यातली कुटुंबं चित्रदुर्ग मठात हलवली की काय समजायचं, हे आपल्याला कळतं. म्हणजे लोक अडाणी आहेत म्हणून हवामान बदल त्यांना समजत नाही, हे साफ खोटं आहे. त्यांच्याजवळ आकडा आहे, आपण त्याला जोडून बोलत नाही, एवढंच.

पाऊस गगनबावड्यात, पूर शिरोळात

आता थोडं शास्त्र, पण आपल्याच नकाशावर.

हवा तापली की ती जास्त बाष्प धरून ठेवते. हिशोब साधा आहे : एक अंश तापमान वाढलं की साधारण सात टक्के जास्त बाष्प. अरबी समुद्र तापतोय, त्यावरून येणारे वारे ते बाष्प घेऊन सह्याद्रीला धडकतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भूभागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, असं त्यात दिसलं. गंमत म्हणजे, मोसमाचा एकूण पाऊस त्या प्रमाणात वाढलेला नाही. म्हणजे पंधरा दिवसांत पडायचा तो चार दिवसांत पडतो, आणि मधले दिवस कोरडे जातात. शेतकऱ्याला दोन्हीकडून मार.

आता आपला जिल्हा बघा. गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. शिरोळला पाचशेच्या आसपास. दहा-बारा पट फरक, एकाच जिल्ह्यात. आणि तरी पुराचा सगळ्यात मोठा फटका बसतो कुणाला? शिरोळला. कारण कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती प्रयाग चिखलीजवळ एकत्र येतात, तिथून पुढं पंचगंगा. ती सपाट प्रदेशातून वळणं घेत, सावकाश नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच भरून वाहत असेल तर पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, फुगवटा मागं येतो. त्यातच धरणं भरलेली असली तर राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. त्या दरवाजांना आपली अडचण कळत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. धोक्याच्या पातळीवर बारा फूट! शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. शिवाजी पेठ उंचावर, इथल्या बहुतेक घरांत पाणी आलं नाही. पण उपसा केंद्रं बुडाली आणि नळ कोरडे पडले. चहूकडं पाणी, आणि आपण टँकरच्या रांगेत घागर घेऊन. पूर पेठेत आला नाही असं कुणी म्हणू नये. तो नळातून आला, म्हणजे न येऊन आला.

लांबचं एक उदाहरण

आता तुम्हाला जरा लांब नेतो. अमेरिकेत लॅटिनो म्हणून मोठा समाज आहे. मेक्सिकोतून, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांचा, घरात बहुधा स्पॅनिश बोलणारा. शेतमजुरी, बांधकाम, उन्हातान्हातली कष्टाची कामं यांत हे लोक मोठ्या संख्येनं. तिथं बरीच वर्षं समज असा होता, की पर्यावरण हा सुखवस्तू गोऱ्या लोकांचा विषय. या कष्टकऱ्यांना पोटाची काळजी, त्यांना हवामानाशी काय देणंघेणं?

येल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१७ मध्ये या समाजाची मोठी पाहणी केली. निघालं उलटंच. हवामान बदलाची काळजी लॅटिनो लोकांना इतरांपेक्षा जास्त होती. काही करायची तयारीही जास्त होती. मग ते चळवळीत का दिसत नव्हते? कारण बहुतेकांशी या विषयावर काम करणाऱ्या कुठल्याही संस्थेनं कधी संपर्कच केला नव्हता.

म्हणजे उदासीनता नव्हतीच. कुणी विचारलंच नव्हतं.

आणि जिथं विचारलं गेलं, तिथं काय झालं? १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेलॅनो गावात द्राक्षमळ्यांतल्या मजुरांचा संप झाला. सुरुवात फिलिपिनो मजुरांनी केली, मग सीझर चावेझ आणि डोलोरेस हुएर्ता यांची संघटना त्यात उतरली. पाच वर्षं लढा चालला. मागणी मजुरीची होती, आणि त्याचबरोबर कीटकनाशकांच्या फवारणीपासून संरक्षणाचीही. १९७० मध्ये करार झाले. ‘पर्यावरण’ हा शब्द न वापरता झालेलं ते पर्यावरणाचंच काम होतं. या संपात लुईस वाल्डेझ यांची एक नाटक मंडळी होती. मळ्याच्या कडेला ट्रक लावायचा, त्याच्या उघड्या हौद्यावर दहा-पंधरा मिनिटांचं नाटुकलं करायचं. मजूरच नट, मजूरच प्रेक्षक.

तुम्ही हसताय, कारण तुम्हाला आपले गणपतीतले सजीव देखावे आठवले. मलाही तेच आठवलं होतं.

आपण कुणाला विचारलं नाही?

आता तोच प्रश्न स्वतःला विचारू.

कुंभार समाज घ्या. २०१९ ला गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती, २०२१ ला १० सप्टेंबरला. पूर आला तेव्हा शाहूपुरीची कुंभार गल्ली, बापट कॅम्प इथं मूर्ती तयार होत होत्या. माती, रंग, वाळत घातलेल्या मूर्ती. वर्षाची कमाई त्या चार-सहा आठवड्यांत असते आणि नेमकी तेव्हाच ती पाण्याखाली. पावसाचं वेळापत्रक बदलल्याचा पहिला साक्षीदार हा समाज आहे. पूरनियंत्रणाच्या किती बैठकांना त्यांना बोलावलं?

चिखली-आंबेवाडीचे लोक घ्या. सोनतळीला पुनर्वसनाची जागा आहे, पण गाव काही पूर्ण उठत नाही. शहरातले लोक म्हणतात, “दरवर्षी बुडतात आणि परत जातात, हट्टीच आहेत.” अहो, काळी आई खाली, गोठा खाली, देऊळ खाली. म्हैस रोज दोनदा पिळायची असते. घर वर आणि रोजगार खाली, असं पुनर्वसन टिकायचं कसं? हे त्यांना विचारलं की पाच मिनिटांत कळतं.

आणि बायका. पूर आला की स्थलांतराचा निर्णय बहुधा पुरुष घेतात, पण काय उचलायचं, म्हाताऱ्यांना कसं न्यायचं, निवारा केंद्रात शौचालय आहे का, हे बाईच्या डोक्यात असतं. आशाताई आणि बचत गटाच्या महिला यांना घराघरातलं माहीत असतं : कुठं गरोदर बाई आहे, कुठं अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे. अमेरिकेतल्या लॅटिनो वस्त्यांत अशाच आरोग्यसेविका असतात, त्यांना ‘प्रोमोतोरा’ म्हणतात. त्यांच्यामार्फत उष्णतेची, धुराची माहिती घरोघर जाते. आपल्याकडं ही फळी तयारच आहे. तिला पैसे आणि मान द्यायचा राहिलाय.

न विचारण्याची किंमत काय असते, याचं एक उदाहरण आपल्या घाटातलंच आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०११ मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला. त्याचा गाभा होता, ग्रामसभांना विचारून ठरवा. तो अहवाल सरकारनं काही महिने बाहेरच येऊ दिला नाही. माहितीच्या अधिकाराची लढाई होऊन २०१२ मध्ये तो खुला झाला. तोही इंग्रजीत, शेकडो पानांचा. लोकांपर्यंत अहवाल पोचायच्या आधी त्याची भीती पोचली : “घर बांधता येणार नाही, गोठा घालता येणार नाही.” ज्यांना विचारा असं अहवाल सांगत होता, तेच त्याच्या विरोधात उभे राहिले.

कोल्हापूरला हे जमतं

आता निराश होऊ नका. कारण हे शहर लोकांना एकत्र आणण्यात कच्चं नाही.

टोलचं आंदोलन आठवा. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं पुढं, मागं सगळे पक्ष, तालमी, मंडळं, रिक्षावाले, घरातल्या बायका. वर्षानुवर्षं चाललं, आणि २०१५ च्या अखेरीला टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. खंडपीठासाठी वकिलांनी आणि नागरिकांनी चार दशकं मागणी लावून धरली, २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्किट बेंच सुरू झालं. हे कसं झालं? मागणी एका वाक्यात होती. कुणाकडं मागायची ते ठाऊक होतं. आणि निवेदन देऊन लोक घरी गेले नाहीत.

दुसरं, गणपती. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं विसर्जित मूर्ती दान करा म्हटलं, तेव्हा केवढा विरोध झाला होता! आज घरचा गणपती कुंडात विसर्जित करणारं कुटुंब कुणाला वेगळं वाटत नाही, आणि गेल्या काही वर्षांत मंडळांच्या मूर्तीही पंचगंगेऐवजी इराणी खणीत जातात. न्यायालयाचे आदेश होते, प्रशासनाचा रेटा होता, हे खरं. पण शाळेतली पोरं घरी जाऊन आजीशी भांडली, हेही खरं. श्रद्धेला धक्का न देता सवय बदलली.

तिसरं, पुरात उतरलेली पोरं. बोटी, टायरच्या ट्यूबा, ट्रॅक्टर घेऊन तालमींची पोरं पाण्यात गेली, हजारो लोकांचा स्वयंपाक झाला. माझं म्हणणं एवढंच, की ही ताकद आपण फक्त ऑगस्टमध्ये वापरतो. पाणी ओसरलं की ती परत फुटबॉलकडं जाते. जाऊ दे, फुटबॉल हवाच. पण मार्चमध्येही थोडी हवी. कारण पुराचे निर्णय पावसात होत नाहीत, उन्हाळ्यात कागदावर होतात.

निळी रेषा, लाल रेषा

तो कागद कुठला, हे आता सांगतो.

नदीकाठच्या नकाशावर दोन रेषा असतात. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. तिच्या आत बांधकामाला मनाई. लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटींवर बांधकाम.

इथं एक मोठा गैरसमज आहे. ‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे एकदा येऊन गेला की शंभर वर्षं निवांत, असं नाही. त्याचा अर्थ, दरवर्षी एक टक्का शक्यता. तुम्ही तीस वर्षांचं कर्ज काढून लाल रेषेवर घर घेतलं, तर त्या तीस वर्षांत तसा पूर येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. चारात एक! निळ्या रेषेवर हीच शक्यता पंचवीस वर्षांत ६४ टक्के. आणि हा हिशोब पाऊस पूर्वीसारखाच राहील असं धरून. पाऊस बदलला की रेषा जुनी होते. दोन वर्षांच्या अंतरानं ५५ फुटांच्या पुढं पाणी गेलेलं बघितल्यावर ‘या रेषा कुठल्या वर्षांच्या आकड्यांवर काढल्यात?’ हे विचारणं प्रत्येक कोल्हापूरकराचा हक्क आहे.

शहराचा विकास आराखडा करताना प्रारूप प्रसिद्ध करून हरकती आणि सूचना मागवाव्याच लागतात. तसा कायदाच आहे, १९६६ चा. त्या मुदतीत बिल्डर हरकत घेतो, वकील लावतो. सुतारवाडा घेतो का? नाही. कारण नोटीस कधी निघाली हे त्याला कळतच नाही. जागतिक बँकेच्या मदतीनं कोल्हापूर-सांगलीच्या पूरनियंत्रणाचा मोठा प्रकल्पही होतोय. त्यातला पैसा भिंतीवर जाणार, बोगद्यावर जाणार, की वेळेत इशारा देण्यावर आणि माणसं हलवण्यावर, हे आत्ता ठरतंय.

म्हणून पेठेनं काय करावं? माझ्या डोक्यात चार साध्या गोष्टी आहेत. एक, २०१९ आणि २०२१ चं पाणी जिथं जिथं पोचलं, तिथं भिंतीवर रंगानं खूण करा, तारखेसकट. आठवण पुसट होते, रंग राहतो. दोन, जुन्या माणसांकडून तळी, ओढे, नाले कुठं होते ते लिहून घ्या. कॉलेजची पोरं हे आठवड्यात करतील. तीन, प्रत्येक तालमीनं एक माणूस नेमावा, ज्याचं काम एकच : महापालिकेची आणि जलसंपदा खात्याची नोटीस आली की फलकावर मराठीत दोन ओळींत लिहायची. चार, मान्सूनपूर्व बैठकीला जाताना पेठेनं एकटं जाऊ नये, पाण्यात जाणाऱ्या वस्तीला बरोबर घेऊन जावं. आणि बोलायला आधी त्यांना द्यावं. पेठेचा आवाज मोठा आहे, म्हणूनच तिनं थोडं मागं उभं राहायचं.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, सगळा दोष अलमट्टीचा असताना हवामान बदलाचं नाव पुढं करून कर्नाटकाला मोकळं सोडताय का?*

नाही. अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायला कृष्णा लवादानं २०१० मध्ये मुभा दिली. त्याबद्दल आपल्या दोन जिल्ह्यांना वाटणारी भीती खरी आहे, आणि पाणी कधी, किती सोडायचं यात दोन राज्यांचा ताळमेळ हवाच. पण २०१९ च्या पुरावर नेमलेल्या वडनेरे समितीनं थेट दोष अलमट्टीला दिला नाही. अतिवृष्टी, पात्रातले अडथळे, पूररेषेतली बांधकामं यांकडं बोट दाखवलं. तुम्हाला ते पटत नसेल तर जरूर वाद घाला. फक्त अलमट्टीकडं बघताना आपल्या ओढ्यावर उभ्या राहिलेल्या अपार्टमेंटकडं पाठ होऊ नये.

*एवढंसं कोल्हापूर, आपण धूर कमी करून जगाचं तापमान थोडंच कमी होणार?*

एकट्यानं नाही होणार. खरं सांगायचं तर माझी पहिली अपेक्षा धुराची नाहीच. पहिली अपेक्षा ही, की पुढच्या पुरात माणूस जाऊ नये आणि कुंभाराची मूर्ती कोरडी राहावी. ते आपल्या हातात आहे. आणि जो समाज स्वतःच्या पाण्याबद्दल बोलायला शिकतो, तो उद्या कोळशाबद्दलही बोलतो.

*(मागून एक काकू) आम्ही बोलायला तयार आहे, पण आमचं ऐकतंय कोण?*

काकू, तुमच्या प्रश्नावरच थांबू या. तुम्ही तयार आहात. आज या सभागृहात तालमींची माणसं बसलीत, महापालिकेत काम केलेलीही काही आहेत. बाहेर पडायच्या आधी त्यांनी तुमच्यापाशी येऊन एकच विचारावं : “काकू, तुमच्याकडं पाणी कुठवर आलं होतं?” आणि उत्तर लिहून घ्यावं.